एकेक बोट वेगळं

त्या रविवारी मी दवाखान्यात निघाले होते ते आईची वेणी घालायला. पिशवीत कंगवा, तेलाची लहान बाटली, धुतलेला टॉवेल आणि आईचा चष्मा होता. यापलीकडे काही काम नव्हतं. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकलं की लोक विचारतात, तुला ताप होता का, तुझा डोळा लागला होता का. नाही. मी टक्क जागी होते, दुपारचे दोन वाजले होते, आणि वेणी सैल घालायची की घट्ट एवढाच विचार माझ्या डोक्यात होता.

आई एका मोठ्या लॉन्ड्रीत कामाला आहे. तिथे हॉटेलांच्या चादरी येतात. ओल्या चादरी तापलेल्या दोन रोलरमधून आत जातात आणि पलीकडून कडक इस्त्री होऊन बाहेर येतात. चादरीचा कोपरा दुमडला असेल तर तो रोलरपर्यंत पोचायच्या आत सरळ करावा लागतो. आईने अकरा वर्षं हेच केलं. बाराव्या वर्षी एके सकाळी कोपऱ्याबरोबर तिचा उजवा हातही आत गेला. यंत्र बंद व्हायला जेवढा वेळ लागला, तेवढा वेळ तो तिथेच होता.

त्या सकाळी मी आणि मामा वॉर्डात पोचलो तेव्हा आई उशीला टेकून शांत बसली होती. दुखत नाही म्हणाली. आम्हाला इतकं हायसं वाटलं की मामा चक्क हसला.

"बघा डॉक्टर, माझी बहीण लहानपणापासून काटक. एवढा हात भाजला, पण हूं नाही की चूं नाही."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी एक बारीक सुई घेतली आणि आईच्या बोटांच्या पाठीवर एकेक ठिकाणी टेकवून पाहिली.

"टोचतंय?"

"नाही."

"इथे?"

"नाही हो. खरंच काही होत नाहीये."

त्यांना बरं वाटावं म्हणून आई अगदी हौसेने सांगत होती. मी फारशी बोलत नाही, त्यामुळे मला बघायला भरपूर वेळ असतो. प्रत्येक 'नाही'बरोबर डॉक्टरांचा चेहरा थोडा थोडा मिटत गेला, तो मी बघितला. मग त्यांनी आम्हाला बाहेर नेऊन सांगितलं. जिथे दुखतं तिथली कातडी जिवंत असते. इतकं खोल भाजलं की दुखायलासुद्धा काही उरत नाही.



चार दिवसांनी आईच्या मांडीची पातळ कातडी काढून हातावर आणि बोटांच्या पाठीवर लावली. पाच दिवस हात उशांवर उंच ठेवला होता. पाचव्या दिवशी पट्टी सोडली, आणि कातडीने धरलं होतं. जांभळट, ओलसर, एखाद्या नवीन जन्मलेल्या प्राण्याच्या अंगासारखी, पण धरलेली. डॉक्टर म्हणाले, "आता पुढचे पंधरा दिवस महत्त्वाचे. बोटं सुटी राहिली आणि वाकली, तर तुम्ही सगळं कराल. नाही राहिली, तर हात असेल, पण पळीसारखा."

बोटं सुटी ठेवण्याचं काम ड्रेसर काकांचं. सबंध वॉर्ड त्यांना मोजणीवाले म्हणायचा, कारण ते प्रत्येक बोट वेगळं गुंडाळायचे आणि गुंडाळताना मोठ्याने मोजायचे. "ही करंगळी, एक. ही तिची शेजारीण, दोन." दोन बोटांच्या बेचक्यात गॉजची पट्टी, मग पुढचं बोट. मी एकदा बघत उभी होते तेव्हा त्यांनी आपणहून सांगितलं होतं, "दोन ओल्या जखमा शेजारी बसवल्या ना, की त्या गप्पा मारत बसतात. मग उठायचं नावच घेत नाहीत, जुळूनच जातात. म्हणून मध्ये भिंत घालायची." पाचही बोटं झाली की ते हात एका वाकड्या फळीवर बांधायचे. मनगट मागे, मुळाशी बोटं वाकलेली, पण पुढे सरळ. आई त्याला बदक म्हणायची. "माझं बदक आज फार चावतंय गं," असं काहीतरी.

त्या रविवारी काकांची सुट्टी होती. दुसऱ्या वॉर्डातून एक बदली बाई आल्या होत्या. त्यांच्याकडे एरवी पायांची ड्रेसिंग असायची, आणि त्या दिवशी वीस खाटा उरकायच्या होत्या. मी पडद्याजवळ पोचले तेव्हा आईचा हात बांधणं चालू होतं. पांढरं गॉज भराभर फिरत होतं. सगळ्या बोटांवरून एकदम.

"झालं. कसा चेंडूसारखा दिसतोय बघा."

"किती हलकं वाटतंय," आई म्हणाली. "आणि ते बदक?"

"फळी होय? टोचते ना तुम्हाला ती? राहू दे. आता बुधवारी सोडायचंय, तेव्हा लावू."

मी सगळं बघितलं. मला सगळं कळलं. शब्द घशापर्यंत आले आणि तिथेच बसून राहिले. शाळेत हजेरी घेताना मी 'हजर' म्हणते ते बाईंपर्यंत पोचत नाही, आणि वर्गात बसलेली असूनही वर्षातून चार-पाच वेळा माझी गैरहजेरी लागते, अशी मी. बदली बाई ट्रॉली ढकलत पुढच्या खाटेकडे गेल्या. मी पिशवीतून कंगवा काढला.

वेणी अर्धी झाली तेव्हाच आईला झोप लागली. मी ती हळूच पुरी केली.

दोन ते चार वॉर्डात विश्रांती असते. पडदे ओढतात, दिवे घालवतात, भेटीला आलेल्यांना बाहेर काढून दार लावतात. मला सिस्टर राहू द्यायच्या. पडद्यांमुळे सगळीकडे धुवट पाण्यासारखा उजेड होता. पंखा प्रत्येक फेरीला एकदा कुरकुरत होता. कुणाच्या तरी घशातून घरघर यायची, थांबायची, पुन्हा यायची. वास नेहमीचाच, मलमाचा आणि फिनेलचा. मग त्यात हळूहळू दुसरा एक वास मिसळला. ओला कपडा बरेच दिवस बंद डब्यात राहिला की झाकण उघडताना येतो, तसा.

मी वर बघितलं. आईच्या पलीकडच्या बाजूला स्टुलावर एक बाई बसली होती.

ते स्टूल ओढलं की किंचाळतं. मला काही ऐकू आलं नव्हतं.

मला वाटलं, शेजारच्या खाटेवरची कुणी असेल, झोप येत नसेल. वय आईएवढं. अंगाभोवती खांद्यापासून चादर, दोन्ही हात चादरीच्या आत. केस मोकळे, खूप दिवस विंचरले नसावेत असे, गुंता होऊन दोरखंडासारखे झालेले. ती माझ्या हातातल्या कंगव्याकडे बघत होती.

"वेणी छान घालतेस," ती म्हणाली. आवाज इतका हळू की मला पुढे वाकावं लागलं.

मी मान हलवली.

"माझी राहूनच गेली... घालणारं कुणी नव्हतं." मग तिने आईच्या हाताकडे बघितलं. "बोटं कुठे गेली हिची?"

"पट्टीत आहेत."

"किती?"

"पाच."

"दिसतात तुला?"

पांढरा गोळा उशीवर पडला होता.

"माझंही असंच बांधलं होतं," ती म्हणाली. "पांढरं, गोल... सगळे म्हणाले, किती नीट बांधलंय. मला त्याच दिवशी कळलं होतं. आतल्या आत बोटं एकमेकांना लागत होती ना... मी म्हटलं, उद्या सांगू. ती एवढी मोठी माणसं, त्यांना कळत नसेल का? उद्या सांगू म्हटलं... मग परवा..."

"मग?"

तिने चादरीतून उजवा हात काढला आणि आईच्या पलंगाच्या कडेवर ठेवला.

तो हात मी नीट बघितला. खरं तर नजर काढता आली नाही म्हणून बघितला. मनगटापुढे एकच एक गुळगुळीत, चकचकीत तुकडा होता. बोटं कुठे सुरू झाली असती ते सांगता येत नव्हतं. फक्त पुढच्या काठावर, एका ओळीत, चार नखं होती. ती वाढलेली होती. अंगठ्याचं नख थोडं बाजूला, तळव्याकडे वळलेलं.

"सांग त्यांना," ती म्हणाली.

"मला..." मी कंगवा घट्ट धरला. "मला कुणाशी बोलता येत नाही."

"माझ्याशी बोलतेस की."

पंखा कुरकुरला. घरघर थांबली होती.

"मलाही येत नव्हतं," ती म्हणाली. आणि तो हात उचलून तिने हळूच, अगदी जपून, आईच्या पट्टीवर ठेवला. पट्टीचं गॉज त्याखाली दबलं. आई झोपेत कण्हली.

मी उठले. कशी उठले ते आठवत नाही. माझं स्टूल मात्र मागे पडलं असावं, कारण दोन खाटांवरची माणसं दचकून जागी झाली.

सिस्टरांचं टेबल दाराशी होतं. त्या मान खाली घालून काहीतरी लिहीत होत्या.

"सिस्टर," मी म्हटलं. ते मलाच नीट ऐकू आलं नाही. पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा आवाज असा निघाला की माझी मीच घाबरले.

त्यांच्या हातातलं पेन पडलं. "काय गं? कोण पडलं?"

"आईची बोटं एकत्र बांधलीत."

"काय?"

"बदली बाईंनी. मध्ये भिंत घातली नाही. फळीपण नाही लावली."

"भिंत कसली? आणि तुला काय कळतं त्यातलं?"

"मला मोजता येतं," मी म्हटलं.

सिस्टरांनी पडलेलं पेन उचलून ठेवलं. मग खुर्ची सरकवून उठल्या. "चल. आत सगळं व्यवस्थित निघालं ना, तर आठवडाभर गॉजच्या घड्या घालायला बसवीन तुला."

स्टुलावर कुणी नव्हतं. तो वासही नव्हता. सिस्टरांनी हात धुतले, हातमोजे चढवले, दिवा लावला आणि पट्टी सोडायला सुरुवात केली. आई जागी होऊन विचारत होती, काय झालं, आता कशाला पुन्हा. पहिले वेढे निघाले. दुसरे निघाले. सिस्टर तोंडाने पुटपुटत होत्या, आणि शेवटच्या वेढ्याला त्या पुटपुटायच्या थांबल्या.

तर्जनी, मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं, तिन्ही एकमेकांना चिकटली होती. नुसती शेजारी नव्हती, चिकटली होती. मध्ये पिवळसर, ओलं काहीतरी.

"तासाभरात एवढं. मग बुधवारपर्यंत..." सिस्टर म्हणाल्या.

त्यांनी सलाईनची बाटली मागवली नाही, मलाच आणायला लावली. थेंब थेंब सोडत, चिमटीत गॉज धरून, त्या बोटांच्या मधून सरकत गेल्या. भिजलेल्या वहीची पानं सोडवतात तसं. मी दिवा धरला होता. एके ठिकाणी नव्या कातडीचा तिळाएवढा कण निघून आला, तेवढाच. शेवटी मधलं बोट सुटं झालं, आणि आई एकदम म्हणाली, "अगं आई गं. दुखतंय."

सिस्टरांचा हात थांबला. "कुठे?"

"मधल्या बोटाला. कडेला. हात नका लावू हो, चांगलंच दुखतंय."

"दुखू दे," सिस्टर म्हणाल्या, आणि मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघितलं. "चांगलं दुखू दे, ताई. आणखी कुठे दुखतंय? सांगा, लाजू नका."

आईला वाटलं, हिचं डोकं फिरलंय. मी मात्र रडायला लागले होते, आणि दिवा हलतोय म्हणून मला एकदा ओरडाही बसला.

करंगळी राहिली होती. तिच्या आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात एक पट्टी होती.

"ही एक घातलेली दिसते," सिस्टर म्हणाल्या. "म्हणजे निदान एकीची आठवण झाली बाईंना."

त्यांनी ती चिमट्याने बाहेर काढली. ते गॉज नव्हतं. जुन्या, विटलेल्या कापडाची चिंधी होती, कडा फाटलेल्या. आणि नीट घडी करून ठेवलेली नव्हती. चुरगाळून, कशीबशी, ढकलत ढकलत आत कोंबलेली होती. सिस्टरांनी ती दिव्याजवळ नेली, नाकाशी नेली आणि लगेच कचऱ्याच्या लाल डब्यात टाकली. मग हातमोजे काढून त्यांनी दोनदा हात धुतले. मला मात्र तो बंद डब्यातल्या ओल्या कपड्याचा वास पुन्हा आला.

त्यांनी पाचही बोटं वेगळी बांधली, बदक लावलं, डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर येऊन बघून गेले, म्हणाले, वेळेवर कळलं. 

सगळं झाल्यावर मी विचारलं, "त्या मोकळ्या केसांच्या बाई कुठल्या खाटेवरच्या?"

"कुठल्या बाई? दोन वाजल्यापासून दाराला कडी आहे. तुला आत ठेवते ते तू आवाज करत नाहीस म्हणून." त्यांनी पडलेलं स्टूल उचलून सरळ ठेवलं. "आता तेही कारण राहिलं नाही."

सोमवारी शाळा सुटल्यावर मी थेट वॉर्डात गेले. मोजणीवाले काका परत आले होते. मी त्यांना सगळं सांगितलं, नखांसकट. ते आईचा हात बांधत होते, त्यामुळे मोजण्यापलीकडे मध्ये काही बोलले नाहीत. पाच झाल्यावरच बोलले.

"मला शिकवणारे होते ना, ते म्हणायचे, मोजायला लागलास की पाचाच्या आत थांबू नकोस. मला वाटायचं, विसरू नये म्हणून सांगतात. एकदा तीनवर असताना खिशात फोन वाजला. बघायला थांबलो." त्यांनी फळीचा पट्टा आवळला. "मागून कुणीतरी 'चार' म्हणालं. हळूच. बायकी आवाज."

"मग?"

"पुरुषांचा वॉर्ड होता तो. तेव्हापासून फोन घरी ठेवून येतो. बायको बोलते त्यावरून, पण चालतं."

आई महिन्याने घरी आली. घरात आम्ही दोघीच. शेजारच्या काकू दुपारचं जेवण देऊन जातात, बाकीचं मी करते. आईचा व्यायाम दिवसातून चार वेळा असतो. अंगठा एकेका बोटाला टेकवायचा, स्पंज पिळायचा, बटण लावायचं, कपड्यांचा चिमटा उघडायचा. दुखतं. ती ओरडते, मला नावं ठेवते, आणि मला ते ऐकायला फार आवडतं. मागच्या आठवड्यात तिने माझी वेणी घातली. वाकडी झाली. मी ती दोन दिवस सोडली नाही. शाळेत एका मुलीने विचारलं, हे काय, तर मी तिला सगळं सांगितलं, हाताचं. मधली सुट्टी संपेपर्यंत मीच बोलत होते.

एकच गोष्ट आहे.

आईला नव्या कातडीवर दिवसरात्र घट्ट हातमोजा घालावा लागतो, वण उंच होऊ नयेत म्हणून. असे दोन आहेत. एक हातात, एक धुवून दोरीवर. मी सकाळी शाळेत जायच्या आधी तो धुते आणि घाईघाईत मनगटाच्या काठाला एक चिमटा लावून टांगते. बोटं खाली लोंबकळतात, ओली, एकमेकांना चिकटलेली. परत येते तेव्हा हातमोजा उलटा टांगलेला असतो. बोटं वर, पसरलेली, आणि प्रत्येक बोटाच्या टोकाला वेगळा चिमटा.

परवा आई म्हणाली, "किती निगुतीने वाळत घालतेस गं. मला तर सांगायलाही लागत नाही."

मी हो म्हटलं.

दुपारी घरात आई एकटीच असते, आणि ती त्या वेळी झोपते. आमच्या दोरीवरचे चिमटे जुने, तारेचे, फार कडक आहेत. आई रोज व्यायामाला त्यातलाच एक घेते. अजून तिला तो उघडता येत नाही, निसटतो. चिमटा उघडायला दोन सुटी बोटं लागतात, आणि त्या मोकळ्या केसांच्या बाईच्या हाताला तेव्हा एकही नव्हतं.